‘विद्यार्थी खेळताना आढळले’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या फेब्रुवारीत सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेच्या शेरेबुकात तपासणीला आलेल्या साहेबांनी दोन वाक्ये लिहिली : ‘विज्ञानाच्या तासिकेत विद्यार्थी मैदानावर खेळताना आढळले. अध्यापन आढळले नाही.’ त्या तासिकेला मी तिथेच होते. मुलांना मैदानावर मीच नेले होते. खुलासा मात्र विज्ञानाच्या सरांना द्यावा लागला. त्या तासात नेमके काय चालले होते, हे कुठेतरी नीट लिहिले जावे म्हणून आपल्याला हे पत्र. शाळेचे आणि मुलांचे नाव मुद्दामच देत नाही. शाळा लहान आहे आणि आजाराचा विषय आहे.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत तांबड्या रक्तपेशींवर काम करण्यात माझी सत्तावीस वर्षे गेली. निवृत्तीनंतर माहेरी, शहाद्याला परत आले. गेली चार वर्षे दर गुरुवारी सकाळच्या एसटीने धडगावच्या बाजूला जाते आणि सातवी ते नववीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. मानधन नाही, नेमणूक नाही. मुख्याध्यापकांनी ‘या’ म्हटले, म्हणून जाते.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा शब्द शिकवावा लागत नाही. तो घरोघरी पोचलेला आहे. पेशीत काय होते, एकाच घरात एक मूल ठणठणीत आणि दुसरे सतत दवाखान्यात असे का, हे मात्र कुणी सांगितलेले नसते. मग त्या जागी दुसरी उत्तरे येऊन बसतात : कुणाची नजर, कुणाचा शाप, आईचा दोष. प्रयोगशाळेत मी अशा पेशी हजारोंनी पाहिल्या, पण नळीवर फक्त क्रमांक असायचा. इथे ज्याची पेशी तो माझ्यासमोर दुसऱ्या बाकावर बसतो. थंडी पडली की त्याच्या पायाच्या नळ्या ठणकायला लागतात, तो आठ-आठ दिवस वर्गात नसतो आणि पोरे त्याला आळशी म्हणतात.

पहिल्या वर्षी मी फळ्यावर शिकवले. रक्तपेशीचे चित्र, तिच्यातल्या प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनचे चित्र, बाण, नावे. मुलांनी सगळे वहीत सुबक उतरवून घेतले. पुढच्या गुरुवारी विचारले तर नावे आठवत होती, पण त्या मुलाचे पाय का दुखतात याचे उत्तर एकालाही देता आले नाही. पुस्तकी मराठीत या आजाराला दात्रपेशी पांडुरोग म्हणतात. दात्र म्हणजे विळा. ही मुले सुट्टीत घरी गेली की विळ्याने गवत कापतात, पण दात्र हा शब्द त्यांनी जन्मात ऐकलेला नव्हता. विळ्यासारखी पेशी म्हटल्याबरोबर सगळ्यांचे डोळे वर झाले. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी एका तरुण रुग्णाच्या रक्तातल्या या वाकड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनाही विळाच आठवला होता.

त्या दिवसांत आमची मुले मधल्या सुट्टीत ‘साखळी’ खेळत होती. ज्याच्यावर राज्य तो एकाला पकडतो, दोघे हात धरून तिसऱ्याला पकडतात आणि साखळी लांबत जाते. मी खिडकीतून ते पाहत होते आणि माझ्या लक्षात आले, की मी सत्तावीस वर्षे ज्याच्यामागे होते ते माझ्यासमोर मैदानावर धावते आहे.

हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात. त्यांतल्या बीटा साखळीत १४६ मणी, म्हणजे अमिनो आम्ले, आहेत असे समजा. सिकलसेलमध्ये त्यांतला फक्त सहावा मणी बदलतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. एवढ्याने रेणूच्या अंगावर एक चिकट जागा तयार होते. प्राणवायू भरलेला असतो तोवर काही बिघडत नाही. प्राणवायू सोडला, की रेणू एकमेकांना चिकटून लांबच लांब दोर तयार होतात, आणि ते दोर आतून पेशीला ताणून तिचा विळा करतात. म्हणजे साखळीच.

आम्ही बैलाचे दोन दावे एकमेकांना बांधून मोठे कडे केले. कड्याच्या आत सात मुले. कडे म्हणजे पेशी, मुले म्हणजे हिमोग्लोबिन. समोर दोन बांबू रोवले आणि त्यांच्यामध्ये एक मूल अंग चोरून जेमतेम जाईल एवढी फट ठेवली, ती केशवाहिनी, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिनी. खरी तांबडी पेशी साडेसात मायक्रॉनच्या आसपास रुंद असते आणि काही केशवाहिन्या त्याहून अरुंद असतात. पेशीला दर फेरीत दुमडून, चेपून त्यातून निघावे लागते. मुले सुटी होती तेव्हा एकामागून एक सरकत, दाव्यासकट हसत पलीकडे गेली. मग मी शिट्टी वाजवली : प्राणवायू संपला! सातही जणांनी हात ताठ करून एकमेकांची मनगटे धरली आणि दोन्ही टोकांच्या मुलांनी दावे ताणले. कड्याचा लांबोडका विळा झाला आणि फटीत आडवा अडकला. मागून दुसरी पेशी आली, तिसरी आली, सगळ्या तुंबल्या. फटीच्या पलीकडे ‘स्नायू’ म्हणून उभे केलेले तिघे ओरडायला लागले, ‘आमचा प्राणवायू कुठंय?’ हे मी त्यांना सांगितले नव्हते. ते त्यांचे त्यांनीच केले.

एक मुलगी म्हणाली, ‘बाई, म्हणून त्याचे पाय दुखतात.’

मी नुसती मान हलवली. तो मुलगा त्या दिवशी वर्गात होता आणि स्नायूंपैकी एक होता. पुढच्या प्रश्नाला मात्र मी तयार नव्हते. ‘दावं मोठं केलं तर?’ असे एकाने विचारले. त्यांनी आणखी एक दावे जोडून कडे मोठे केले. आता आत मुले विरळ झाली, हात सहज पोचेनात, साखळी लवकर जुळेना. विज्ञान अगदी हेच सांगते. पेशीत पाणी पुरेसे असले, की हिमोग्लोबिनची दाटी कमी राहते आणि दोर बनायला वेळ लागतो. शरीरातले पाणी कमी पडले की दाटी वाढते. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाला सतत पाणी प्यायला सांगतात, उन्हात दमवू नका, थंडीत उघडे ठेवू नका म्हणतात. हे आमच्या आशाताई सांगतात, दवाखान्यातल्या भिंतीवर लिहिलेले आहे. मुलांना मात्र ते दाव्यामुळे पटले.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी मी पाहिले, खो-खोच्या सामन्यात हीच मुले त्याला पाटीवर बसवतात, धावायला लावत नाहीत, आणि डाव संपला की कुणीतरी बाटली पुढे करते : ‘पाणी पी रे, साखळी सुटंल.’ मला त्यांना सांगावे लागले, की पाण्याने साखळी जुळायला उशीर होतो. पण एकदा दुखणे सुरू झाले, ताप आला, दम लागला तर पाणी देत बसायचे नाही, सरांना सांगायचे आणि दवाखाना गाठायचा. तेही त्यांनी खेळात घातले. आता शिट्टी दोनदा वाजली की एक मूल पळत जाऊन ‘सरांना’ बोलावून आणते.

आता शेरेबुकातल्या दिवसाकडे येते.

दुसरा प्रश्न होता वारशाचा. आई बरी, बाप बरा, मग मूल आजारी कसे? आमच्याकडे या प्रश्नावरून संसार मोडले आहेत. फोडलेला चिंचोका एका बाजूने तपकिरी आणि दुसऱ्या बाजूने पांढरा असतो, आणि सोंगट्यांच्या खेळात फाशांऐवजी तो आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरला जातो. मी म्हटले, हाच घेऊ. तपकिरी म्हणजे चांगला जनुक, पांढरा म्हणजे सिकलसेलचा. आई-वडील दोघेही वाहक. वाहकाकडे दोन्ही जनुके असतात, तो स्वतः सहसा निरोगी असतो. आईने एक चिंचोका टाकायचा, वडिलांनी एक. दोन्ही तपकिरी तर मूल निरोगी, एकेक तर वाहक, दोन्ही पांढरे तर आजारी. प्रत्येक जोडीने चार मुले ‘जन्माला’ घालायची. घरांना झाडांची नावे दिली : महूचे घर, सागाचे घर, टेंभुर्णीचे घर. कुणाच्याही खऱ्या घराचे नाव घ्यायचे नाही, हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळते. हा खेळ कुणी घेणार असेल तर त्यानेही पाळावा. वर्गात कोण वाहक, कोण आजारी, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही.

बारा घरे, अठ्ठेचाळीस मुले. हिशेबाने त्यांतली बाराएक आजारी निघायला हवीत. निघाली बरीच कमी. मी सांगितले, असे होते, हा योगायोगाचा भाग आहे. नोंदी ठेवणारी आठवीतली मुलगी म्हणाली, ‘बाई, पुन्हा टाकू.’ पुन्हा टाकले, पुन्हा कमी. मी पुन्हा योगायोगच म्हटले. ती म्हणाली, ‘योगायोग नाही बाई. चिंचोकाच तसा पडतो. घरी खेळताना आम्ही बघून घेतो.’

तिचे बरोबर होते आणि माझे चूक. फोडलेला चिंचोका एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर असतो. तो सपाट बाजूवर बसायला बघतो, म्हणजे तपकिरी बाजू वर. मी नाण्याचे गणित चिंचोक्याला लावले होते. मग मुलांनीच ठरवले, की प्रत्येक जोडीने आपला चिंचोका पन्नास वेळा टाकायचा आणि किती वेळा पांढरा पडला ते मोजायचे. फरशीवर उडून बाकाखाली जातो म्हणून मातीत टाकायचे. त्यासाठी आम्ही मैदानावर गेलो. चोवीस मुले दोन-दोनच्या जोडीने बसून चिंचोके टाकत होती, आकडे ओरडत होती, वहीत रेघा मारत होती, दर पाचव्या रेघेला आडवी रेघ. साहेबांची जीप आली ती तेव्हा.

साहेबांनी एका मुलाला जरी विचारले असते, ‘काय करतोस?’, तरी त्याने सांगितले असते. त्यांनी विचारले नाही. ते वाईट आहेत असे मला म्हणायचे नाही. त्यांच्या नमुन्यात मुलाला प्रश्न विचारण्याचा रकानाच नसावा. पण माझे म्हणणे आहे, की त्या तासाला त्या मैदानावर जे चालले होते तेच विज्ञान. मापनाचे साधन खोटे आहे असा संशय घेणे, बाईंचे उत्तर न स्वीकारणे, साधनाची परीक्षा घेणे, मोजून निकाल देणे. माझ्या प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांना हे शिकवायला मला वर्ष-वर्ष लागत असे.

पुढे मुलांनी चिंचोका टाकणेच बंद केले. प्रत्येक पालकाच्या मुठीत दोन अख्खे चिंचोके, एक साधा, एक चुना लावलेला. मुलाने डोळे मिटून एक उचलायचा. (आधी एक सोललेला घेऊन पाहिला होता, पण तो बोटांना गुळगुळीत लागतो, ओळखू येतो. हेही त्यांनीच पकडले.) हे माझ्या खेळापेक्षा सरस आहे, कारण खऱ्या आई-बापाकडे जनुकाच्या दोन प्रती असतात आणि मुलाला त्यांतली एकच जाते. या मुठीच्या खेळात एका घरात चारपैकी तिघे आजारी निघाले आणि तीन-चार घरांत एकही नाही. त्यावर वर्गात जे बोलणे झाले ते मला कधी विसरता येणार नाही. ‘म्हणजे चारातलं एक असं काही ठरलेलं नसतं.’ ‘दर वेळी नवी मूठ.’ ‘मग आईचा काय दोष? दोघांच्याही मुठीतनं आला.’ हे शेवटचे वाक्य म्हणणारा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. दहा वर्षांत तो बाप होईल.

मग हा आजार गेलाच का नाही, हाही प्रश्न आला. त्यासाठी आम्ही मलेरियाचा डाव लावला. थोडक्यात सांगायचे तर वाहकाला मलेरिया बेतत नाही, निदान तितका बेतत नाही, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले. डोंगर-जंगलात हा जनुक टिकून राहिला तो म्हणून. मुलांना यातून जे मिळाले ते फार मोठे आहे : आपल्या रक्तात शाप नाही, आपल्या पूर्वजांनी मलेरियाशी दिलेल्या झुंजीची ती खूण आहे.

खेळ म्हणजे बालवाडी, मोठ्या मुलांना शिस्तीने शिकवायचे असते, असे सरांना ऐकवण्यात आले. म्हणून सांगते. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेव्हिड बेकर यांच्या गटाने २००८ साली ‘फोल्डइट’ नावाचा संगणकीय खेळ काढला. त्यात प्रथिनाची घडी कशी पडेल हे कोडे सोडवायचे असते. माकडांमधल्या एड्ससारख्या विषाणूच्या एका विकराची (एन्झाइमची) रचना शास्त्रज्ञांना दशकभर सापडत नव्हती. २०११ मध्ये ती या खेळाडूंनी काही आठवड्यांत उलगडली. खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांचा जीवरसायनशास्त्राशी संबंध नव्हता. बेकर यांना २०२४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, ते संगणकाच्या मदतीने नवी प्रथिने घडवण्याच्या कामासाठी. त्याच २०११ साली स्टॅनफर्डच्या इंगमार रीडेल-क्रूझ यांनी जिवंत पॅरामेशियम वापरून खेळ तयार केले. खेळणारा कळ दाबून विजेचे क्षेत्र बदलतो आणि तो एकपेशीय जीव पडद्यावर वळतो. आणि इतक्या दूर कशाला? आपल्या याच सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांमध्ये मुलांनी स्वतः करून शिकायचे विज्ञान सुरू झाले. परीक्षेत पुस्तक उघडून बसायची मुभा होती, कारण तपासायचे होते ते डोके. तीस वर्षे चालून २००२ मध्ये ते तिथल्या शासनाने बंद केले. त्या कार्यक्रमात शिकवलेले एक शिक्षक मला एसटीत भेटले होते. ते अजून त्याच विषयावर बोलत होते.

सरांची काळजी खरी आहे, हेही लिहायला हवे. चाचणीत दोन मुलांनी ‘हिमोग्लोबिनचे रेणू साखळी खेळतात’ असे उत्तर लिहिले आणि गुण गेले. खेळानंतर वर्गात येऊन नावे लिहून घेणे, आकृती काढणे, पुस्तकातला परिच्छेद वाचणे हे झालेच पाहिजे. आता आम्ही तासातली शेवटची पंधरा मिनिटे त्यासाठी ठेवतो. शिवाय प्रत्येक गोष्टीचा खेळ होत नाही. विषामृत खेळून लस समजावण्याचा माझा प्रयत्न पुरता फसला. हात लावला की आजार बरा होतो, असेच मुले धरून बसली. तो खेळ मी सोडून दिला.

माझी पहिली विनंती शिक्षण आणि आदिवासी विकास या दोन्ही विभागांना आहे. आनुवंशिकतेचा धडा नववीच्या पुस्तकात अठरापैकी सोळावा आहे. तो जानेवारी-फेब्रुवारीत, परीक्षेच्या घाईत उरकला जातो, आणि आमच्या भागातल्या कितीतरी मुली त्याआधीच शाळेतून गेलेल्या असतात. नंदुरबार, धुळे, पालघर, गडचिरोली, जिथे जिथे सिकलसेल आहे तिथे हा विषय सातवीतच, खेळातून घ्यावा. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, २०४७ चे उद्दिष्ट ठेवले, सात कोटी लोकांची तपासणी ठरवली. तपासणीनंतर हातात पडणाऱ्या कार्डावर ‘वाहक’ लिहिलेले असते, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ त्या मुलीला आधी ठाऊक असायला हवा. नाहीतर ते कार्ड पेटीच्या तळाशी जाते. मी अशी कार्डे पाहिली आहेत.

पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांमधून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या लोकांनाही सांगणे आहे. आठवड्यातला एक दिवस कुठल्याही शाळेला द्या. भाषण देऊ नका. मुले मधल्या सुट्टीत काय खेळतात ते आधी महिनाभर पाहा.

आणि साहेबांना. त्या शेऱ्याखाली सरांचा खुलासा चिकटवलेला आहे. त्याच्या शेजारी त्या आठवीतल्या मुलीच्या वहीतले एक पान लावायला परवानगी द्यावी. बारा चिंचोके, प्रत्येकी पन्नास फेऱ्या, पाच-पाच रेघांच्या जुड्या, आणि खाली तिच्या अक्षरात : ‘चिंचोका बरोबर नाही. दुसरे साधन शोधावे.’ वही सरांकडे आहे. केव्हाही येऊन पाहता येईल.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र संशोधक
शहादा, जि. नंदुरबार
(शाळा ओळखू येऊ नये म्हणून नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)